गुरुवारची उतारू

वळणावर बस थांबली. दार फुस्सकन उघडलं आणि स्टिअरिंगमागून मरीसा ओरडली, "ओरेस्तेकाका, चढा वर! आपल्याच गाडीत बसायची लाज वाटते की काय?"

"चालतोय मी."

"ते दिसतंय. पण कशाला?"

ओरेस्तेने टोपीने वारा घेतला आणि तिला पुढे जायची खूण केली. मरीसाने हॉर्न दिला आणि डिझेलचा वास मागे ठेवून बस वरच्या वळणाआड गेली. ही पोरगी गिअर बदलायला उशीर करते, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळलं.

इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरून डोंगरापलीकडे जाणाऱ्या या घाटात त्याने सगळी नोकरी काढली होती. निवृत्त होऊन एक हिवाळा गेला. सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना बायकोने, एर्मिनियाने, विचारलं होतं, "बाकीचे म्हातारे चौकात पत्ते कुटतात. तू कुठे निघालास?"

"घाट बघायला."

"इतकी वर्षं काय डोळे मिटून चालवत होतास?"

बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. बस चालवणाऱ्याला रस्ता दिसतो, घाट दिसत नाही. आज पायी जाताना त्याला दगडी बांधाखालून पाणी वाहतंय असं ऐकू आलं. तो गुडघे टेकून कान लावून बसला. ऑलिव्हची राई संपून चेस्टनटची झाडं सुरू होतात त्या जागी हवेचा वासच बदलतो, हेही त्याला आजच कळलं. मागून सायकलवाले धापा टाकत येत आणि त्याला मागे टाकत. एरवी हे लोक दिसले की त्याचा हात हॉर्नवर जायचा. आज त्याने एकाला विचारलं, "वर काय मिळतं रे तुम्हाला?" तो परदेशी नुसताच हसला. त्याला बोलायला श्वास उरला नव्हता.

पण खरा प्रश्न वेगळाच होता, आणि तो ओरेस्तेने कुणालाच सांगितला नव्हता.

किनाऱ्यावरच्या हॉटेलात कपडे धुणारी देल्फिना रामोइनो दर गुरुवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या बसमध्ये बसायची. तरुणपणीच नवरा गेलेला, तेव्हापासून काळे कपडे. हातात कापडी पिशवी. ती थेट घाटमाथ्यावर उतरायची. तिथे एका लहानशा, कुलूपबंद ख्रिस्ती देवळाशिवाय काही नव्हतं. दुपारच्या फेरीला ती पुन्हा तिथेच उभी असायची, केस विस्कटलेले, गाल लालबुंद. एकदा तर कोपर चांगलंच खरचटलेलं होतं.

बसमध्ये कुजबुज चाले. कुणी म्हणे अळंबी शोधते, कुणी म्हणे याराला भेटते. ओरेस्तेने मात्र कधी विचारलं नाही. उतारूकडून तिकीट मागावं, कारण मागू नये, असं त्याचं मत होतं. मग एका वर्षी देल्फिना यायची बंद झाली. नंतरही बरेच गुरुवार तो थांब्यावर गाडी उगाच थोडी जास्त थांबवायचा.

घाटमाथ्यावर पोचल्यावर देवळामागून निघालेली वाट त्याला दिसली. लष्कराने कधीकाळी बांधलेली, आता गवताने भरलेली, पण गाडीरस्त्याइतकी सपाट वाट डोंगराच्या धारेवरून गेली होती. तो तीच धरून निघाला. एका बाजूला पाइनच्या झाडांची लांबलचक रांग होती. पुढे मेंढ्यांच्या घंटा ऐकू आल्या आणि दगडी खोपट लागलं. दारात एक धिप्पाड बाई चीज वळत बसली होती. तिचं नाव इओलांदा.

"पाणी हवंय का वाट चुकलात?"

"नाही... इथे एक बाई यायच्या. काळ्या कपड्यातल्या."

इओलांदाने हात पुसले आणि त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही बसवाले ना? त्या सांगायच्या, आमचा बसवाला शहाणा आहे, तोंड उघडत नाही. मग आज काय झालं?"

ओरेस्ते ओशाळला. तरी ती त्याला खोपटाच्या मागे घेऊन गेली आणि तिने एक घोंगडी बाजूला केली. खाली सायकल होती. जुनी, जड, पण साखळीला तेल होतं आणि चाकांत हवा.

"माझ्या बापाची. आल्या की पिशवीतली पॅन्ट चढवायच्या आणि सुटायच्या वाऱ्यासारख्या. सुरुवातीला किती पडल्या, विचारू नका. बाप शिकवायला गेला तर म्हणाल्या, दूर व्हा, माझी मी शिकेन."

उतरताना ओरेस्ते एकटाच हसत होता. यार म्हणे!

देल्फिना आता किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात राहत होती. दोन दिवसांनी तो तिला भेटायला गेला. ती चाकांच्या खुर्चीत होती. पाय निकामी झाले होते, नजर मात्र तीच.

"ओरेस्ते! गाडी बंद पडली की काय?"

त्याने सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा मिटत गेला.

"मागितली असती तर मंगळवारची सुट्टीही मिळाली असती मला," ती म्हणाली. "पण मंगळवारचा ड्रायव्हर चौकशा करायचा. तुम्ही करत नव्हतात. म्हणून मी गुरुवार धरला."

ओरेस्तेचे कान तापले. टोपी उचलून तो उठला. "चुकलं माझं, सिन्योरा."

"बसा. आता कळलंच आहे तर अर्धवट कशाला?" तिने पदरासारखी शाल ओढून घेतली. "आधी बाप नको म्हणाला, मग सासू. नंतर हे काळे कपडे. गावातून सायकल मारली असती तर पोरं मागे धावली असती. म्हणून वर जायचे. पण ते नुसतं निमित्त. तुम्ही चालत गेलात ना? पाइनच्या रांगेपाशी काय दिसलं?"

"झाडं. मधूनमधून समुद्राचे तुकडे."

"तुकडे!" परीक्षेत नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं. "तिथे सायकल जीव खाऊन हाणायची आणि मान वळवायची. जाऊन या. मग बोलू."

पुढच्या आठवड्यात इओलांदाने सीट धरून ठेवली आणि ओरेस्ते, लहानपणानंतर पहिल्यांदाच, सायकलवर बसला. "पुढे बघा, पुढे!" ती ओरडली. हँडल थरथरत होतं. समोरून पाठीवर बोजे घेतलेलं एक जोडपं आलं आणि हात हलवून बाजूला झालं. उलट हात करायची ओरेस्तेची छाती झाली नाही.

मग रांग आली. त्याने पायडल दाबलं, आणखी दाबलं. खोडं सरकू लागली, धावू लागली, आणि एकाएकी विरली. झाडं होती आणि नव्हती. त्यांच्यामागे समुद्र उभा होता, एकसंध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही चीर नसलेला. सायकल पुढे जात होती तरी तो हलत नव्हता. ज्याने नोकरीभर रस्त्यावरून नजर काढली नव्हती, तो माणूस पुढे बघायचं विसरला आणि सायकलसकट झुडपात गेला.

इओलांदा धावत आली. तो आडवा पडून आकाशाकडे बघत होता.

"लागलं का?"

"थांब जरा," तो म्हणाला. "पुन्हा जाणार आहे मी."

त्या संध्याकाळी तो वृद्धाश्रमात गेला तेव्हा देल्फिना वाट बघत होती. त्याच्या कपाळावरची पट्टी बघून तिने काही विचारलं नाही.

"दिसला?"

"दिसला."

"अख्खा?"

"अख्खा."

तिने मान डोलावली. तेवढ्यात तिथली सेविका लगबगीने आली. "अहो, भिंतीकडे काय बघत बसलात? आज समुद्र काय सुंदर दिसतोय!" तिने खुर्ची फिरवून काचेच्या मोठ्या खिडकीशी लावली. संध्याकाळच्या उन्हात सगळं पाणी चकाकत होतं. देल्फिनाने हसून तिचे आभार मानले.

सेविका गेली तशी ती हळूच म्हणाली, "ओरेस्ते, मला जरा वळवा बघू."

त्याने खुर्चीचा ब्रेक सोडला आणि तिला मागच्या लहान खिडकीपाशी नेलं. तिथून मागचं आवार दिसत होतं, वाळत घातलेल्या चादरी, आणि चादरींच्या वर डोंगर. धारेवर ढग येऊन टेकले होते.

"वर वारा सुटला असेल," देल्फिना म्हणाली.

ओरेस्ते डोंगराकडे बघत म्हणाला, "हो. चांगलाच."