फिर्यादी हजर

आंबेवाडीच्या भैरोबाची घंटा चोरीला गेली तेव्हा देवळाची पूजा कोंडाजीच्या घराकडे होती, आणि वाडीच्या मते एवढा पुरावा पुष्कळ होता.

पुढं घंटा सापडली. लोणावळ्याच्या बाजारात एक फिरस्ता ती विकायला बसला होता. गिऱ्हाइकाला आवाज ऐकवावा म्हणून त्यानं ती मनापासून वाजवली आणि गिऱ्हाईक निघालं साध्या कपड्यांतला शिपाई. फिरस्त्यानं पंचांसमोर सगळं सांगून टाकलं : देवळाची कौलं सरकवून एकटाच उतरलो, एकट्यानंच काढली, पुजाऱ्याला काही ठाऊक नाही. शिपायानं हे कोंडाजीला कामशेतच्या बाजारात तोंडी सांगितलं. कोंडाजीनं ते वाडीला तोंडी सांगितलं. वाडीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागद कुटाय?"

चैत्रात भैरोबाची पालखी निघायची. पुढच्या दांडीला पहिला खांदा कोंडाजीच्या घराचा. त्याच्या आज्याचा होता, मग बापाचा, मग त्याचा. कोंडाजीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अंमळ खाली होता, आणि ही घरातली इस्टेट आहे असं तो पाहुण्यांना सांगायचा. यंदा मात्र पोलीसपाटील हौशीराम यांनी चावडीवर निकाल दिला.

"पंचनाम्याची नक्कल आन. हितं वाचून दाव आन् खांदा लाव. न्हाईतर बाजूला हुबा राहून पालखी बघ. बघायलाबी चांगली दिसती."

"नक्कल मागायची कशी, आबा?"

"अर्ज करायचा. तारीख घालायची, गाव घालायचं, फिर्यादीचं नाव घालायचं, वर तिकीट चिकटवायचं. सरकार देतंय." हौशीरामआबांनी हे अशा थाटात सांगितलं, की सरकार चुलीपाशी बसून पिठलं वाढतंय असं वाटावं.

घरी बयाबाईनं भाकरी बांधून दिली. "अवो, कागद मिळाल्याबिगर येऊ नगासा. पाण्यावर गेले की बाया इचारत्यात, घंटा वाजवून आलीस का म्हणून. हंडा भरूस्तवर मी घंटाच ऐकत असते."

कोंडाजी कामशेतपर्यंत चालत गेला, तिथनं गाडीनं लोणावळ्याला उतरला आणि पोलीस कचेरीत जाऊन उभा राहिला. नकलांचं काम गोपाळकृष्ण नावाच्या कारकुनाकडे होतं. तो तळेगावहून रोज गाडीनं यायचा, टोपी खुंटीला लावायचा आणि मगच बोलायला सुरुवात करायचा. त्याच्यामागं फळीवर भैरोबाची घंटा होती. तिला मुद्देमालाची चिठ्ठी बांधली होती, आणि मुद्देमालानं उगाच आवाज करू नये म्हणून तिची जीभ चिंधीनं गुंडाळली होती. कोंडाजीनं तिला लांबूनच हात जोडले.

"अर्जदार फिर्यादी आहेत का?" गोपाळकृष्णानं विचारलं.

"मी कोंडाजी."

"ते अर्जावर आहे. फिर्यादी आहात का?"

"घंटा आमच्या देवाची हाय जी."

गोपाळकृष्णानं कागद काढले आणि न हसता वाचलं. "फिर्यादी : भैरोबा, राहणार आंबेवाडी. बापाचं नाव : शंकर, असे म्हणतात. वय : कायम. धंदा : इनाम जमीन, स्वतः कसत नाही."

कोंडाजीला तो दिवस आठवला. चोरी झाल्यावर हौशीरामआबा खबर लिहायला बसले होते, आणि त्यांनी विचारलं होतं, "चोरी कुणाची झाली?" कोंडाजी म्हणाला होता, "देवाची." त्यात दोघांनाही काही वावगं वाटलं नव्हतं. वाडीत देवाची जमीन होती, देवाचे आंबे होते, एक कबरी गाय देवाची होती आणि शेतसाऱ्याची पावतीसुद्धा देवाच्या नावानं फाटायची. मग फिर्यादच तेवढी दुसऱ्या कुणाच्या नावानं का असावी? आबांनी कागदावरनं लेखणी न उचलता सगळे रकाने भरले होते.

"पुढे असं आहे," गोपाळकृष्ण म्हणाला, "चोरीच्या वेळी फिर्यादी जागेवर हजर होता. जबाब घेण्याचा प्रयत्न केला, पण फिर्यादी बोलत नाही."

"खरं हाय," कोंडाजी म्हणाला.

"नक्कल फिर्यादीला मिळते, नाहीतर आरोपीला."

"मग झालं की, भाऊसाहेब! गावात मीच आरोपी हाय."

"गावात नव्हे. कागदावर."

"कागदावर व्हायला काय करावं लागतं?"

गोपाळकृष्णानं या प्रश्नाचा खरोखरच विचार केला. "निराळी चोरी करावी लागेल. पण मग नक्कल त्या चोरीची मिळेल. तुमच्या उपयोगाची नाही."

"तुमी निस्ता पंचनामा वाचून दावा. मी ध्येनात ठेवतो."

"वाचून दाखवणं म्हणजे तोंडी नक्कल झाली. तिला तिकीट कुठं चिकटवणार?" त्यानं कागद मिटले. "फिर्यादीकडून सहीनिशी मुखत्यारपत्र आणा. नाहीतर फिर्यादीलाच घेऊन या."

धाकट्या भावाला घेऊन या म्हणावं तसं तो हे म्हणाला. कोंडाजीही "बरं" म्हणून निघाला. कामशेतला उतरून वाडीची वाट धरल्यावर कुठं त्याच्या ध्यानात आलं, की आपण भैरोबाला लोणावळ्याला आणायचं कबूल करून आलोय.

चावडीवर त्यानं हे सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. देवाला शिवेबाहेर न्यायचं तर देवाला विचारायला हवं, एवढंच सगळ्यांना वाटलं. आंबेवाडीत कौल लावायची रीत सोपी होती. मुखवट्याच्या दोन्ही गालांना कण्हेरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एरवी हे काम कोंडाजीचं. पण संशय फिटेपर्यंत त्यानं देवाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून हौशीरामआबांनीच पाकळ्या लावल्या, खाकरले, आणि "देवा, लोणाव..." एवढं म्हणतात तोच उजवी पाकळी खाली आली.

"अजून इचारून झालं न्हाई," आबा जरा नाराजीनं म्हणाले.

"त्यास्नी ठावं हाय," मागनं बयाबाई म्हणाली. "एका जागी बसून कटाळलं असत्याल."

दुसऱ्या दिवशी वेताच्या टोपलीत नवं धोतर अंथरून मुखवटा ठेवला. टोपली आबांच्या डोक्यावर. कोंडाजी मागनं, फुलांची पिशवी आणि आबांची छत्री घेऊन, देवापासून चार हात लांब. कामशेतला आबांनी तीन तिकिटं काढली. सरकारी कामाला निघालेल्या फिर्यादीनं बिनतिकीट जाणं त्यांना पाटील म्हणून पटेना. गाडीत एकानं टोपली खाली ठेवा म्हटलं, तेव्हा आबांनी तिसरं तिकीट दाखवलं. तो माणूस सरकून बसला.

गोपाळकृष्णानं टोपी खुंटीला लावली, स्टुलावर ठेवलेल्या मुखवट्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं : फिर्यादी हजर.

"सही करतात की अंगठा?"

"हात न्हाईत जी," कोंडाजी म्हणाला. "निस्ता मुखवटा आलाय."

"मग एरवी संमती कशी देतात?"

कोंडाजीनं कौलाची रीत सांगितली. गोपाळकृष्णानं ती उतरवून घेतली आणि दोन शंका काढल्या. दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या तर? "फेर लावायच्या." एकही पडली नाही तर? "वाट बघायची." हे त्याला कचेरीच्या पद्धतीला धरूनच वाटलं.

"ठीक. आता ओळख पटवणारा लागेल. आंबेवाडीचा भैरोबा तो हाच, हे कोण सांगणार?"

"मी," आबा पुढं झाले.

"तुम्ही खबर लिहिणारे. तुम्ही चालत नाही. फिर्यादीला रोज पाहणारा, विश्वासू इसम हवा."

 आबांनी छताकडं पाहिलं, फळीवरच्या घंटेकडं पाहिलं, मग नाइलाजानं कोंडाजीकडं पाहिलं.

"ह्यो हाय की."

"हा रोज पाहतो?"

"ह्याच्या घरातच पूजा हाय. देवाच्या डाव्या कानामागं पोचा आलाय, त्यो ह्याच्या बापानं घासताना पाडलेला. ह्याला अंधारातबी वळकंल."

"आणि विश्वासू?"

टाक दौतीत बुडला आणि वर येऊन थांबला. कोंडाजी पायाच्या अंगठ्याकडं पाहत उभा होता. वाडीपासून इथवर तो देवाच्या मागं चार हात राहत आला होता, ते चार हात आता या टाकाच्या टोकावर येऊन थांबले होते.

"व्हय," आबा म्हणाले.

"नुसतं व्हय लिहिता येत नाही. सांगा, मी घेतो."

आबांनी पागोटं नीट केलं. "लिवा. कोंडाजी ह्यो इसम देवाच्या घरातला हाय. देवाची वस्तू त्याच्या हातात ऱ्हायली तर ती देवापाशीच ऱ्हायली असं समजावं." ते थांबले. "आमी मधी जरा येगळं समजलो हुतो. ते लिवू नगा."

"विचारल्याशिवाय मी काहीच लिहीत नाही," गोपाळकृष्ण म्हणाला. "इथं सही."

आबांचं अक्षर सगळ्या मावळात नावाजलेलं. त्यांनी सही केली तीही झोकात.

"आता पाकळ्या. ज्यानं ओळख पटवली त्यानंच लावाव्यात."

कोंडाजीनं हात धुतले. तपेलीत पाकळ्या भिजवल्या. किती दिवसांनी त्याचा हात त्या गार पितळेला लागला, आणि बोट सवयीनं कानामागच्या पोच्यावरनं फिरून आलं.  दोन्ही गालांना पाकळ्या लावून तो मागं सरला.

गोपाळकृष्ण उठला आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

"वारा येतोय," तो म्हणाला. "दबावाखाली घेतलेली संमती पुढे टिकत नाही."

मग सगळे थांबले. आतल्या खोलीतनं फौजदार बाहेर आले. इतकी माणसं एका स्टुलाकडं बघत उभी आहेत हे पाहून त्यांनी काय चाललंय विचारलं.

"फिर्यादीची सही चाललीय, साहेब."

फौजदारांनी नीट पाहिलं. मग त्यांनी बूट काढले आणि तेही भिंतीला लागून उभे राहिले.

डावी पाकळी हलली. कोंडाजीनं डोळे मिटले. डावी जरा घसरली, गालाच्या कडेला आली आणि तिथंच चिकटून बसली. कोंडाजीनं डोळे उघडले तेव्हा उजवी पाकळी अर्जावर पडलेली होती, बरोबर सहीच्या जागी.

"फिर्यादीनं समक्ष उजवी दिली," गोपाळकृष्णानं लिहिलं आणि ओली जागा टीपकागदानं टिपली.

दुपारनंतर नक्कल हातात आली, शिक्क्यासह. कोंडाजीनं ती घडी करून पागोट्यात खोवली आणि फळीकडं बोट दाखवलं.

"घंटा न्यायची का, भाऊसाहेब?"

"मुद्देमाल निराळा. त्याचा हुकूम वडगावच्या कोर्टातून होतो. तिथं फिर्यादीला जावं लागेल." त्यानं मुखवट्याकडं पाहिलं. "त्यांना प्रवास मानवतो ना?"

"मानवतो," आबा म्हणाले. "खिडकी लागती निस्ती."

परतीच्या गाडीत आबांनी मळवलीपर्यंत टोपली मांडीवर धरली. मग म्हणाले, "कोंडाजी, धर जरा. मांडीला मुंग्या आल्यात."

कोंडाजीनं टोपली घेतली आणि देवाला खिडकीकडे तोंड करून बसवलं. आबांनी पाय हलवले नाहीत, चोळलेही नाहीत. थोड्या वेळानं कोंडाजीनं पागोट्याला हात लावला.

"आबा, नक्कल वाचता का? चावडीवर वाचायची म्हनला हुता."

"काय लिवलंय ते मला ठावं हाय," आबा बाहेर बघत म्हणाले. "मीच तर सही केलीया."

ती सही त्या कागदावर नव्हती, दुसऱ्याच कागदावर होती, आणि तो लोणावळ्यातच राहिला होता. कोंडाजी हे बोलला नाही. कामशेतला उतरल्यावर त्यानं टोपली उचलली, उजव्या खांद्यावर घेतली आणि वाडीच्या वाटेला लागला. हौशीरामआबा आपली छत्री घेऊन मागनं चालत आले.