शाबूत नारळ

अमीन वस्तादांच्या गाडीत स्टेपनीशेजारी कायम एक नारळ असायचा. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी ते शिकणाऱ्याला गगनबावड्याच्या पुढं घाटात नेत, ऐन चढावर गाडी उभी करायला लावत आणि खाली उतरून मागच्या चाकाला चिकटून नारळ ठेवत. तो घरंगळू नये म्हणून त्याच्यामागं एक धोंडा. मग बाजूला होऊन म्हणत, "हं, उचला गाडी आता." गाडी वीतभर जरी मागं आली तरी नारळाचा चुरा. शाबूत राहिला तर तुम्ही ड्रायव्हर; नारळ घरी न्या, आपापल्या देवापुढं फोडा नाहीतर चटणी करा. फुटला तर पुन्हा दहा दिवस हाफ क्लच. तीस वर्षांत वस्तादांनी फुटक्या नारळावर कुणाला सोडलं नाही. एका आमदाराच्या मेव्हण्यालाही नाही, आणि त्यानं काही कमी आरडाओरडा केला नव्हता.

जाहिरात म्हणाल तर एक पत्र्याची पाटी. 'अमीन मोटार ड्रायव्हिंग स्कूल', बस्स.

मग समोरच्या बोळात सम्राटनं अकॅडमी काढली. हा सम्राट वस्तादांचाच चेला. त्याचे चार नारळ फुटले होते, पाचवा राहिला तेव्हा घाटात वस्तादांच्या गळ्यात पडून रडला होता. पण शिकवण्यापेक्षा फ्लेक्स लावण्याचा उरक त्याला जास्त. वाढदिवसवाल्या दादा-भाऊंच्या गर्दीतून कोल्हापुरात एखादा खांब मोकळा राहिला असेल, तर तिथं गॉगल लावलेला सम्राट हसू लागला : 'सात दिवसांत ड्रायव्हर! पास होण्याची हमी!' सात दिवस परीक्षेचा ट्रॅक तेवढा घोटून घ्यायचा. कुठल्या खुणेला किती वळवायचं ते पाठ. खुणा संपल्या की विद्याही संपली.

वर्षभरात वस्तादांकडं एकच शिकणारी उरली. विद्याश्री, माहेर कागलचं, पेशानं शिक्षिका. तिची बदली गगनबावडा तालुक्यात डोंगरातल्या एका वाडीवर झाली होती. हात चांगला, समज चांगली, पण चढावर तिचा पाय थरथरायचा. तिचे तीन नारळ फुटले. तिसऱ्यांदा नवरा संगमेश सोबत आला होता.

"वस्ताद, गाडी शिकवतासा का नारळ इकतासा?" तो तडकला. "त्या सम्राटकडं सात दिसांत करून देत्यात!"

"करून देतील की," वस्ताद म्हणाले. "मी म्हैनाभर मागतोय. ह्या बाईला रोज डोंगर चढायचा हाय."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही; समोर सम्राटकडं गेली. पुढच्याच आठवड्यात वस्तादांनी गाडी विकली आणि पाटी उतरवली. त्यांना फार लागलं ते हेच, की पाटी उतरवताना बघायलाही कुणी थांबलं नाही.

आठच दिवसांनी सम्राट घरी आला. पाया पडला, वस्तादांच्या बायकोच्या, जरीनाभाभींच्या हातचा चहा प्याला.

"वस्ताद, घरात बसून भिंतीला क्लच मारणार काय? या की माझ्याकडं. शिकवायचं न्हाई, ते पोरं बघत्यात. तुमी निस्तं पास झालेल्याला तुमच्या हातानं नारळ द्यायचा. एक फोटो. तुमच्या नारळाला नाव हाय कोल्हापुरात."

"आनि चढावर कोण नेणार?"

"चढाचं कोण इचारतंय आता!"

वस्तादांनी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून गेले. माणसाला रिकामं बसणं सोसत नाही, हे एक. आणि आपलं नाव अजून कुणाला तरी हवं आहे याचं, खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. आठवडाभरात खांबाखांबावर सम्राटशेजारी वस्ताद आले, हातात नारळ : 'वस्तादांच्या हातचा नारळ, दर्जाची खात्री!'

शनिवारी विद्याश्री पास होऊन आली. बोळाच्या चढावर संगमेशची नवी गाडी झेंडूच्या माळेत उभी, मागच्या सीटवर त्यांची लेक. नारळ घेताना विद्याश्रीनं मान वर केली नाही.

"रागावलासा न्हवं, वस्ताद?"

"चढाचं कसं काय?"

"हितं कुणी न्हेलंच न्हाई." तिचा आवाज खाली आला. "सोमवारपास्नं जायाचं हाय. लेकीलाबी त्याच शाळंत घातलंय."

जाऊ नका, एवढे दोन शब्द होते. तीस वर्षं ते त्यांच्या जिभेवर होते. "वस्ताद, हसा की!" फोटोवाला ओरडला, आणि वस्ताद हसले.

ती स्टिअरिंगवर बसली, शेजारी संगमेश. इंजिन सुरू झालं. तेव्हा वस्तादांच्या हातांनी त्यांना न विचारताच जुनं काम केलं. फोटोसाठी आणलेल्या नारळांच्या पिशवीतून दुसरा नारळ काढला, मागच्या चाकाला टेकवला, अकॅडमीच्या बोर्डाला टेकू दिलेला धोंडा त्याच्यामागं सरकवला आणि ते बाजूला झाले.

गाडी मागं आली. नारळ फटकन फुटला, पाणी वस्तादांच्या चपलांवर उडालं.

सम्राटनं वस्तादांकडं बघितलं. चार फुटके नारळ त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसले. मग पहिली टाळी त्यानंच वाजवली.

"फुटला! शकुन झाला, पावणं!"

सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मागच्या सीटवरची पोरही उड्या मारत टाळ्या पिटू लागली. संगमेशनं हात जोडले. फक्त विद्याश्रीनं खिडकीतून मागं वळून वस्तादांकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्या बोळात तिला, वस्तादांना आणि सम्राटला सोडून त्या आवाजाचा अर्थ फक्त संगमेशला ठाऊक होता, आणि त्याला शकुनच हवा होता.

वस्तादांनी तोंड उघडलं. पण संगमेश म्हणाला, "चल, चल," आणि गाडी दोन हिसके खाऊन वर गेली.

"काय डोकं हाय वस्ताद!" सम्राट नजर चुकवत म्हणाला. "उद्यापास्नं फोटो असाच. चाकाखाली नारळ."

वस्ताद खाली बसून करवंट्या गोळा करू लागले. पुढचा पास झालेला गडी केसांवरून हात फिरवत फोटोसाठी येऊन उभा राहिला होता.