मवाळ बाटली

सयाजी डिस्टिलरीत चव-वास पारखायच्या कामाला होता तोवर आमच्या टोळक्यात दारूवर मत द्यायचा मान त्याचा एकट्याचा. आम्ही आपले नुसते पिणारे. तो ग्लास नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "उसाची मळी जुनी वापरलीया." नव्वद-ब्याण्णवचे ते दिवस. उचगावला माझ्या विहिरीवर रविवारी दुपारी बैठक बसायची, आणि सयाजीनं मान डोलावल्याशिवाय कुणी ग्लासाला हात लावत नसे. तसे रविवार पुन्हा आले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढं हुपरीच्या रस्त्याला त्याची राजदूत मोटारसायकल घसरली. डोक्याला मार लागला. माणूस वाचला, पण नाक गेलं ते गेलंच, कसलाच वास येईना. खारट, गोड, तिखटाचा जाळ एवढंच कळायचं. डिस्टिलरीनं त्याला गोदामात बसवलं. "येईलही परत," असं डॉक्टर म्हणाले होते. त्या 'येईलही'वर हा बाबा वर्षानुवर्षं फोडणीच्या कढईवर वाकून बघत होता.

२००३ च्या दिवाळीत माझा भाचा प्रसेनजीत अमेरिकेहून आला आणि एक बाटली ठेवून गेला. म्हणाला, "मामा, ही रायची व्हिस्की. राय म्हणजे गव्हासारखं धान्य. ही एकदम मवाळ आहे, सावकाश घ्या."

सयाजीला कळल्यावर तो बाटली बघायला आला. मग म्हणाला, "जल्मभर मळीचीच हुंगली. धान्याची ही पयली. ही कळली तर नाक आलं, न्हाईतर मी आशा सोडली."

रविवारी विहिरीवर जमलो. आमच्या टोळक्यातल्या गुंडूनं मटण केलं होतं. आमच्यात रीत अशी, की आधी वाटीभर तांबडा रस्सा प्यायचा, कपाळाला घाम आला की मग पहिला घोट. तसंच केलं. गुंडूनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यात काय हाय? कोमट पाणी हाय की."

मलाही काही लागलं नाही. सयाजीनं स्वतः घोट घेतला आणि प्रत्येकाला दोन-दोनदा विचारलं. मग त्याचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं, बाटली सार्थकी लागली. "म्हंजे माझं एकट्याचं न्हाय तर," म्हणाला, आणि भाकरीवर भाकरी रेटून जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच तो दारात उभा.

"अण्णासो, काल गाढवपणा झाला. एवढा रस्सा वरपल्यावर कुणाच्या जिभंला काय कळतंय? मला कालच ठावं होतं."

"मग बोलला न्हाईस ते?"

"बरं वाटत हुतं, म्हणून."

आमची ही कपाळाला आठ्या घालून आत गेली. मी बाटली काढली. सयाजीनं चूळ भरली, घोट घेतला, तोंडात घोळवला.

"जळतंय तेवढं. बाकी काय न्हाय. आता तू घे. आणि खरं सांग."

मी घोट घेतला. चव होती. चांगली होती. 'मलाही काही लागत नाही' एवढं म्हटलं असतं, तर तो सुखानं घरी गेला असता. जिभेवर शब्द आला होता. पण दारूच्या बाबतीत हा माणूस आमच्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

"हाय रे सयाजी. वास बी हाय, चव बी हाय."

त्यानं मान खाली घातली. मला स्वतःचाच राग आला. मग तो म्हणाला, "कसा हाय? सांग की."

"चांगला हाय."

"चांगला म्हंजे काय, लेका? नीट बघ."

मी पुन्हा घोट घेतला. "खळ्यावर उफणणी चालल्यावर येतो न्हवं, तसा धान्याचा. मग मिरी. जराशीच, चावत न्हाय."

"आणि गिळल्यावर?"

"गिळल्यावर..." मी अजून थेंबभर घेतली. "काकवीचा. लांबनं येतोय."

सयाजीनं डोळे मिटले, आपला ग्लास उचलला आणि सावकाश प्यायला.

"हां," म्हणाला. "बरी हाय. वत अजून."

तेव्हापासून आमचं असंच ठरलं. आधी मी घोट घेऊन सांगायचं, आणि मग त्यानं प्यायचं.