न वाचता सही केलेली यादी

मार्चच्या वादळात माझ्या घराचं छप्पर उडालं. मी उडाले नाही. एवढं मला ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, सकाळी दहा वाजता, टॅलमन काउंटीच्या कचेरीत तीन माणसांपुढे सिद्ध करायचं होतं.

छप्पर होईपर्यंत मी अंगणातच चाकांच्या घरात राहते. वादळात पत्रपेटीही गेली, म्हणून टपाल अटलांटाला मुलीकडे वळवलं. तेवढ्यावरून कुणीतरी यादी काढली. ह्यांचं टपाल दुसरीकडे जातं, म्हणजे हे गाव सोडून गेले, म्हणजे ह्यांना मतदारयादीतून काढा. दोनशे बारा नावं. मी एकशे सत्तावन्नावी. आणि आमच्याकडे नोटीस जाते ती जुन्याच पत्त्यावर. टपाल तिथे येत नाही म्हणून तक्रार, आणि तक्रारीचं टपाल तिथेच. असली अक्कल फुकट मिळत नाही, ती निवडून द्यावी लागते.

मला कळलं ते कचेरीच्या फळ्यावर यादी लावली होती म्हणून. उभी राहून सगळी वाचली, माझी नोटीसही तिथूनच मागून घेतली. एकशे अठराव्या नावापाशी थांबले, पुन्हा वाचलं, आणि सहा दिवस कुणाला बोलले नाही.

हरकत घेणारा म्हणून खाली सही होती होलिस प्रुइटची. त्याने जन्मभर ट्रॅक्टर विकले, आता घरी बसून असतो. त्याचं चर्च वेगळं, आमचं वेगळं. का ते इथे कुणी कुणाला विचारत नाही. पण एकतीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते. दोन्ही चर्चची पोरं माझ्याच हातचं जेवली.

यादी होलिसने केलेली नव्हती. ती केली राज्याच्या सिनेटमधल्या आमच्या डेल रॅम्सडेनच्या माणसांनी. हा गेल्या वेळी तीनशे मतांनी कसाबसा निवडून आला, आणि तेव्हापासून त्याला चोर दिसायला लागले. हरलेला माणूस रडला तर समजू शकतं. हा जिंकूनही रडतो. जी मतं त्याला पडली ती खरी, बाकीची मेलेल्यांनी टाकली. त्याचा स्वतःचा मतदार म्हणून पत्ता आहे मिल रोडवरचं आईचं घर. त्या घराच्या खिडक्यांना तीन वर्षं फळ्या ठोकलेल्या आहेत. म्हातारीला शेवटपर्यंत डबा मी नेत होते, हा अटलांटात राहत होता. अजून तिथेच राहतो. त्याचं नाव मात्र काढायच्या यादीत नाही.

मंगळवारी तो फोटोवाल्याला घेऊन आला आणि मागच्या रांगेत बसला. दोनशे बारांपैकी आलो आम्ही चौघं. बाकीचे कोंबड्यांच्या कारखान्यात पाळीवर, नाहीतर अंथरुणावर, नाहीतर त्यांना पत्ताच नाही.

तिघांच्या निवडणूक मंडळाची अध्यक्ष ट्रुडी बास्किन. तिने माझं विजेचं बिल पाहिलं, विम्याचे कागद पाहिले.

"पुरेसं आहे, मिस व्हर्नेल. तुमचं नाव राहील. बसा."

"नाही बसत. हरकत घेणाऱ्याला प्रश्न विचारता येतात, असं नोटिशीच्या पाठीमागे लिहिलंय."

ट्रुडीने नोटीस उलटून पाहिली. लिहिलं होतं.

"मिस्टर प्रुइट," मी म्हटलं, "यादी वाचून दाखवा."

"सगळी?"

"सही सगळ्यांवर केलीत ना?"

होलिसने चष्मा लावला. अर्ल ॲडकिन्स. रोझेटा बेल. हळूहळू पुढे चालला. ओटिस मॅक्लेंडन आला तसं मी थांबवलं.

"हा कुठे गेला गाव सोडून?"

"मला काय माहीत?"

"रक्त शुद्ध करायला आठवड्यातून तीनदा शहरात जातो. म्हणून टपाल बहिणीकडे. ट्रुडी, तुमचं छप्पर कोणी शाकारलं?"

ट्रुडीने पान उलटलं. "पुढे वाचा, मिस्टर प्रुइट."

"मिस आयडा प्रॅथर," तो म्हणाला आणि स्वतःच थबकला.

"वृद्धाश्रमात आहेत," मी म्हटलं. "ब्याण्णव वर्षांच्या. तुम्हाला वाचायला त्यांनीच शिकवलं ना? वाया गेलं म्हणायचं."

मागे कुणीतरी हसलं. रॅम्सडेन खाकरला. "बाई, इथे कायद्याचं काम चाललंय."

"चालू द्या की. तुमच्या आईच्या खिडक्यांच्या फळ्या कधी काढताय?"

तो फोनमध्ये बघायला लागला. होलिस पुन्हा वाचायला लागला. शंभर. एकशे दहा. एकशे सतरा. मग आवाज बंद.

"पुढचं?" मी विचारलं.

त्याने चष्मा पुसला. कानशिलं लाल झाली.

"वॅडेल," तो म्हणाला. "वॅडेल प्रुइट."

त्याचा मुलगा. नौदलात, नॉरफोकला. टपाल तिकडे वळवलेलं.

"ही सरळ चूक आहे," ट्रुडी घाईने म्हणाली. "मिस्टर प्रुइट, हे नाव मागे घेताय ना? घेतलं. मंजूर." तिने रेघ मारली. बाकी दोघांनी माना हलवल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष होतं. अर्धं मिनिट लागलं नाही.

"पुरावा?" मी म्हटलं.

"अहो, आम्ही सगळे ओळखतो त्याला."

"मीही ओळखते. भेंडी ताटात ठेवून द्यायचा. पण मला बिल आणायला लावलंत, विम्याचे कागद आणायला लावलंत. त्याला ओळखता म्हणून अर्ध्या मिनिटात सोडलंत. मग ओटिसला ओळखत नाही? मिस आयडांना ओळखत नाही? इथे बसलेल्यांपैकी कोण त्यांच्या हाताखालून गेलं नाही? त्यांनाही द्या की अर्धं मिनिट."

"नियम आहेत, मिस व्हर्नेल. हरकत घेणाऱ्याने मागे घेतली तरच."

मी होलिसकडे वळले. "ऐकलंत? एक शब्द बोलायचा. सगळी मागे घेतो म्हणा."

त्याने मागे वळून रॅम्सडेनकडे पाहिलं. रॅम्सडेनची खुर्ची रिकामी होती. फोटोवालाही नव्हता. मला वाटलं, आता हा बोलेल.

"कागद त्यांनी आणले होते," होलिस म्हणाला. "मी फक्त सह्या केल्या. दिवसभर. हात दुखला माझा."

"मागे घेताय का?"

"वॅडेलचं घेतलं ना."

एवढंच. मग मतदान झालं, दोन विरुद्ध एक. आम्ही चौघं आणि वॅडेल सोडून दोनशे सात नावं उडाली. शुक्रवारी पाचपर्यंत पुरावा घेऊन स्वतः आलात तर परत, नाहीतर नाही. ट्रुडीने विरुद्ध मत दिलं, असं तिने मला नंतर दोनदा सांगितलं. मी तिचे आभार मानले नाहीत.

होलिसच्या हातातली यादी मी काढून घेतली. "तुम्हाला काय करायची? तुम्ही वाचत नाही."

बाहेर पायऱ्यांवर तो माझ्या मागे आला. टोपी हातात.

"व्हर्नेल, एक विनंती आहे. वॅडेलला सांगू नकोस."

चाळीस वर्षांत त्याने मला विनंती केल्याचं आठवत नाही. क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग वाटलं, ज्यांची पोरं इथे मंडळाच्या ओळखीची नाहीत त्यांचं वाईट ह्याला वाटलं का?

"सांगणार," मी म्हटलं. "आजच पत्र टाकते. तो मतदार आहे. त्याचं मत कोण काढायला निघालं होतं ते त्याला कळायलाच हवं."

"बाप आहे मी त्याचा."

"सही करताना वाचलं असतंत तर तेव्हाच कळलं असतं."

त्याने टोपी डोक्यावर घातली. मी गाडीत बसले, यादी शेजारच्या सीटवर उघडून ठेवली. शुक्रवारला साडेतीन दिवस होते. यादीतल्या पहिल्याची, अर्ल ॲडकिन्सची, पाळी दुपारी तीनला सुटते. कारखान्याच्या फाटकाकडे गाडी वळवली.