शक्ती मशीनची, चपला बाबांच्या

बाथरूमसमोर रांग लागली होती, आणि ती आंघोळीसाठी नव्हती. आठवडाभर परगावी प्रशिक्षणाला गेलेल्या बाई, म्हणजे या घरच्या सूनबाई आणि शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका, बॅग घेऊन दारातच थबकल्या. स्वतःच्याच घरात शिरायला त्यांना जागा नव्हती.

"पाय ओले करा! कोरड्या पायांवर शक्ती प्रसन्न होत नाही!" आतून आवाज आला.

वॉशिंग मशीनशेजारी स्टुलावर एक जाडजूड बाबा बसले होते. मशीनमध्ये सासऱ्यांचे पायजमे गरगरत होते आणि शेजारीपाजारी एकेक करून मशीनच्या पत्र्याला बोट लावत होते. बोट लागलं की "अगं आई गं!" आणि लगेच चेहऱ्यावर कृतार्थ भाव.

"झिणझिण्या आल्या? म्हणजे पाप जळालं," बाबा म्हणत.

"माझं पार खांद्यापर्यंत जळालं!" कोपऱ्यावरचा शिंपी अभिमानानं सांगत सुटला होता.

बाबा स्वतः मात्र मशीनवर अख्खा पंजा ठेवून मंद हसत. त्यांच्यात म्हणे शक्ती आधीच काठोकाठ भरलेली होती.

इथवर बाईंना हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात सासूबाई नातीला घेऊन पुढे सरकल्या. बाईंचीच चार वर्षांची पोर, अजून बोबडी बोलणारी, पाय नुकतेच धुतलेले.

"बाबा, हिची जीभ सुटू दे."

बॅग टाकून, शिंप्याला ढकलून बाईंनी पोरीला उचललं आणि कडेवर घट्ट धरलं.

"अगं, चांगल्या कामात आडकाठी कसली घालतेस?" सासूबाई कडाडल्या.

"आई, जरा थांबा. बाबा, तुमच्या पायांत काय आहे?"

"चपला. आमचे चरण भूमीला लागू नयेत, असा गुरूंचा आदेश आहे."

"आदेश चांगलाच जाड रबरी दिसतोय. काढा चपला, पाय ओले करा, आणि ठेवा पंजा."

बाबांनी चपलांकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. "आज आमचं मौन आहे," ते म्हणाले.

बाईंनी पायातल्या चपला न काढताच बॅगेतला टेस्टर काढून पत्र्याला टेकवला. दिवा पेटला. मग त्यांनी प्लग उपसला, तर अर्थिंगची तिसरी जाड पिन गायब!

"ती मीच कापली," सासरे म्हणाले. "बोर्डात बसेना."

"आणि अण्णा, मेन बोर्डातला तो सुरक्षेचा स्विच?"

"मशीनला हात लावला की पडायचा लेकाचा! टीव्ही बंद व्हायचा. घेतली वायर स्विचच्या बाहेरून जोडून."

"अहो, तो पडायचा म्हणून तर तेव्हा सगळे वाचत होते! आतली वायर पत्र्याला लागलीय. पिन असती तर करंट अर्थिंगमधून जमिनीत गेला असता आणि स्विचनं लगेच वीज तोडली असती. आता दोन्ही नाहीत, म्हणून तो माणसांतून जमिनीत जातोय. अनवाणी, ओल्या पायांच्या माणसातून तर जास्तच."

"म्हणजे माझं पाप?" शिंप्यानं विचारलं.

"जसंच्या तसं आहे."

या गडबडीत मौनी बाबा जिना उतरून पसार झाले होते.

संध्याकाळी वायरमननं मशीन दुरुस्त केलं, नवा प्लग बसवला, अर्थिंग तपासलं आणि स्विच पुन्हा जोडला. बाईंनी त्यावरचं चाचणीचं बटण दाबलं. खट्कन वीज गेली.

"दर महिन्याला हे दाबायचं, आई. वीज गेली नाही, तर स्विच बिघडला समजायचं."

सासूबाईंनी नातीला कुशीत ओढलं होतं. "माझ्याच हातानं पुढे ढकलत होते गं हिला," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मंडळी, हात जोडावेत असं जगात पुष्कळ आहे. पण पत्र्याला हात लावून झिणझिण्या आल्या, तर हात जोडू नका. आधी मेन स्विच बंद करा.