आईंचे खालचे दात

"दातांचं ठरवायच्या आधी सासूची मशेरी सुटली का बघ," असं प्रिस्का आंटी मला लिफ्टपाशी म्हणाल्या होत्या. आंटी मूळच्या उमेळ्याच्या, माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या गावच्या. आता विरारला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. मी हसून लिफ्टचं दार ओढून घेतलं. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड आईंनी आमच्या लेकीच्या, पिंकीच्या जन्माच्या वेळीच सोडली, असं सुमेधनेच मला सांगितलं होतं. नवऱ्याचं ऐकायचं की शेजारणीचं?

तरी घरी जाऊन मी त्याला पुन्हा विचारलं. मी विचारणारी बाई आहे. पिंकीच्या डब्यातली द्राक्षंसुद्धा मी उभी चिरून देते. सुमेध म्हणाला, आंटीकडे गावची शिळी खबर असते, तू कुठे मनावर घेतेस. मग मीही घेतलं नाही.

आईंच्या खालच्या उजव्या दाढा गेल्या होत्या. सगळं डावीकडून चावायच्या, नाहीतर चहात बुडवून गिळायच्या. मी नोकरीवर गेले की पिंकी दिवसभर त्यांच्याकडे असायची, त्यामुळे मला त्यांच्या पोटाची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर त्या सुकेळीसाठी हळहळायच्या. वाडीतली केळी वाळवून केलेली, गोड, चिवट. पिंकीला तुकडे करून द्यायच्या आणि स्वतः नुसत्या बघत बसायच्या. ते मला बघवेना. दात बसवायचेच, असं मी मनावर घेतलं.

डॉक्टर सुझान वयाने माझ्याएवढ्याच. तीन मार्ग आहेत म्हणाल्या. एक कवळी, काढता-घालता येणारी. दुसरा ब्रिज, पण त्यासाठी शेजारचे चांगले दात घासून लहान करायचे आणि त्यांच्या आधाराने मधले दात बसवायचे. तिसरा इम्प्लांट. त्यात जबड्याच्या हाडातच स्क्रू घालतात, हाड त्याला धरून घेतं, मग वर दात चढवतात. आई लगेच म्हणाल्या, कवळी बरी, आमच्या जाऊबाईची हाय, पडली तर उचलता येते. सगळे हसलो. मी मात्र घरी येऊन वाचत बसले, व्हिडिओ पाहिले, ऑफिसातल्या एकीच्या वडिलांनी दात बसवले होते, त्यांना फोन करून पिडलं. कवळी टोचते, सैल होते. ब्रिजसाठी धडधाकट दात कापायचे हे मला पटेना. इम्प्लांट सगळ्यात टिकाऊ, फक्त तंबाखू खाणाऱ्यांना नको, कारण जखम भरत नाही आणि हाड धरत नाही. वाचताना त्या ओळीवर मी थांबलेसुद्धा नाही. ती आमच्यासाठी नव्हतीच.

डॉक्टरांनीही विचारलं होतं. तंबाखू, गुटखा, विडी, सिगारेट? आई म्हणाल्या, "नाय बाय. मी कदी तंबाखू खाल्ली नाय." सुमेध शेजारच्या खुर्चीवर होता. त्याने मान हलवली. मीही हलवली.

इम्प्लांटच ठरलं, स्क्रू बसवला. हाड धरेपर्यंत थांबायचं होतं. आई दर रविवारी "वाडी बघून येते" म्हणून सुमेधच्या बाईकवर बसून उमेळ्याला जात. तिकडून भाजी आणत, केळफूल आणत. सून म्हणून मला बरं वाटायचं, हवापालट होतो.

पण त्या जागेची सूज काही उतरेना. औषधं झाली, कोमट पाण्याच्या गुळण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी बोलावून पाहिलं तर स्क्रू हलत होता. त्या कितीतरी वेळ आईंच्या तोंडात लाईट धरून बघत राहिल्या, मग आरसा डाव्या गालाच्या आत नेला. तिथे पांढरा चट्टा होता. पहिल्या वेळी तो नव्हता की कुणी पाहिला नव्हता, हे त्यांनाही सांगता येईना. त्यांनी आईंना उठवून बसवलं आणि अगदी सहज विचारलं, "काकू, सकाळी दात कशाने घासता?"

"मशेरीने." आईंनी कमरेचा बटवा सोडून चपटी डबी काढली आणि उघडून डॉक्टरांपुढे धरली. पानाचं तबक पुढे करावं तशी. "आमच्याकडं सगळ्या बाया हेनंच घासतात. तंबाखू कोन खातंय?"

मी सुमेधकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये बघत होता. स्क्रीन काळी होती.

डॉक्टर म्हणाल्या, स्क्रू काढावा लागेल, ते बघू पुढे, आधी या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवूया. घाबरू नका, पण टाळू नका. पुढची तारीख दिली.

घराच्या दारात मी आईंना म्हणाले की तुम्ही मला फसवलंत. आवाज चढला होता, पिंकी समोरच होती. आई चप्पल काढता काढता थांबल्या.

"तुला ठाऊक नव्हतं?"

"कसं ठाऊक असणार?"

"सुम्या म्हनला, रचनाला चालतंय. फक्त तिच्यासमोर नको, तिला वास सोसत नाय." मग त्या लेकाकडे वळल्या. "म्हनलास ना रं?"

तो वाकून बुटाची नाडी सोडू लागला. दर रविवारी उमेळ्याला काय घडत होतं ते मला तेव्हा कळलं. आईंची जाऊबाई मशेरी तव्यावर भाजून ठेवायची, हा त्यांना ती आणायला न्यायचा. आमच्या फ्लॅटमध्ये वास कसा येईल?

आईंनी पिशवी भरली. मला खोटारडी म्हनलीस नातीसमोर, एवढंच म्हणाल्या. थांबा म्हणायला मी दारापर्यंत गेले, पण रिक्षा निघून गेली.

मग मी पिंकीला मांडीवर घेतलं आणि आजी कशाने दात घासते असं विचारलं. तिने आधी बाबाकडे बघितलं. चार वर्षांची पोर. "काळी पावडर. पण मम्मीला सांगायचं नाही. बाबा म्हणाला, सिक्रेट आहे."

तुझ्या हिरड्यांना कधी लावली का, असं विचारलं. नाही म्हणाली. तिने डबीत बोट घालायला हात पुढे केला तेव्हा आजीने तो झटकला होता म्हणे. आमच्या घरात एकटी आजीच जपून वागली होती.

सुमेधला मी ओरडलेही नाही. का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "तुला खरं सांगितलं असतं तर तू पिंकीला आईजवळ ठेवली असतीस का? पाळणाघर बघितलं असतंस. आईला मग या घरात काय काम राहिलं असतं?"

बरोबर आहे, कदाचित नसती ठेवली. पण ते मी ठरवलं असतं. मला पुढे बसवून त्याने कवळी, ब्रिज, इम्प्लांट यांतलं निवडायला लावलं. मी शहाण्यासारखी वाचत बसले, आणि ज्या एका गोष्टीवर सगळं उभं होतं ती त्याने खिशात ठेवली. आईच्या जबड्यात छिद्र पाडताना बाहेर बाकावर बसून राहिला. आणि माझ्या लेकीला माझ्यापासून लपवायला शिकवलं. आता ती "मम्मी, मी खरं सांगते" म्हणाली की मी तिच्या डोळ्यांत बघते. हे त्याने माझं काय केलं, त्याला कळतही नाही. येईल गं आई, राग निवळला की, असं म्हणत टीव्ही बघतो.

तपासणीची तारीख गेली. आई फोन घेत नाहीत. मी पिंकीला घेऊन उमेळ्याला गेले तर आईंच्या जाऊबाईने ओट्यावरूनच सांगितलं, वाडीत गेलीय, तुझ्याशी बोलायचं नाय म्हनते. केळींच्या मागे पदर हलताना मला दिसला. हाका मारल्या. आल्या नाहीत.

तुम्ही वसई स्टेशनच्या त्या बाजूला राहत असाल, कधी उमेळ्याला जाणं होत असेल, तर एक करा. नव्या टॉवरच्या पत्र्याच्या कुंपणाला लागून केळीची एक पट्टी उरली आहे, ती आमची वाडी. आईंना जयवंतीकाकू अशी हाक मारा, पाणी मागा, बसा थोडं. माझं नाव काढू नका. त्या बोलायला लागल्या की डाव्या गालाच्या आतला तो पांढरा डाग वाढलाय का, गिळताना दुखतं का, एवढं बघून या. आणि जमलं तर त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. माझ्याबरोबर त्या येत नाहीत.