अंदाजाने भरलेला रकाना

मी जात बघत नाही, हे मी चौदा वर्षांच्या नोकरीत छातीठोकपणे सांगत आले. शिक्षकांच्या खोलीत कुणी एखाद्या पोराच्या वस्तीवरून काही बोललं की पहिली मीच फटकारायची. नाकानं कांदे सोलण्यात माझा हात कुणी धरला नसता.

जूनमध्ये माझी बदली करमाडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. सातवीचा वर्ग, एकतीस मुलं. जुलैत वाचनाची चाचणी आली. एकेका मुलाला समोर बसवून वाचून घ्यायचं आणि अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, गोष्ट यांपैकी ते कुठवर पोचतं ते लिहायचं. फॉर्मात आधी नाव, मग प्रवर्ग, मग स्तर. कोणत्या प्रवर्गाची किती मुलं कुठं आहेत, हे वरच्या कार्यालयाला हवं होतं.

नेमकी त्या दिवशी दोन मुलं गैरहजर. शिवराज मामाच्या गावी गेला होता. करुणा का आली नाही, हे मी विचारलंही नाही. पाच वाजायच्या आत सगळं भरायचं होतं. मुख्याध्यापक पुंडलिक सर म्हणाले, रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढं सरकत नाही, अंदाजानं टाका काहीतरी. मग काय, अंदाजपंचे दाहोदरसे. शिवराज, गोष्ट. करुणा, अक्षर. मिनिटभराचं काम. नंतर आम्ही चहा घेतला.

त्या रकान्यावरून वर्गाचे गट पडले. शेवटच्या तासाला गोष्टवाले सरांकडे शिष्यवृत्तीच्या तयारीला बसायचे आणि अक्षरवाले माझ्यासमोर व्हरांड्यात, अक्षरांची कार्डं घेऊन. बारा वर्षांची करुणा पाच आठवडे ‘क ला काना का’ करत बसली. मान खाली घालून, हळू आवाजात म्हणायची आणि मला वाटायचं, बघा, माझा अंदाज चुकत नाही. तिची वही सुबक असायची. ती कुणाचं तरी बघून उतरवत असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. शिवराज ओळीओळीला अडखळतो, असं सर दोनदा म्हणाले. लाजतो हो, रुळेल, असं मीच त्यांना समजावलं. करुणाला एकदा धडा देऊन वाचून घ्यायला किती वेळ लागला असता? पण मी घेतलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी करुणाची आजी मुक्ताबाई शाळेत आली. खुरपणीवरून तशीच आली होती, हाताला माती होती. खुर्चीवर बसा म्हटलं तर दाराशीच उभी राहिली. तिनं सांगितलं ते असं. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने त्यांच्या वस्तीच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. गेल्या वर्षी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत करुणानं वाचला होता. यंदा आषाढ पौर्णिमेलाही सुरुवात तिनंच केली, म्हणून तर चाचणीच्या दिवशी तिची शाळा बुडाली. पण आठ दिवसांनी पोरगी उठली आणि ग्रंथ म्हाताऱ्या धोंडिबाच्या हातात देऊन बाजूला बसली.

“म्हणती, शाळंनं मला अक्षरात घातलं, म्हंजी मी इतके दिवस चुकीचंच वाचत व्हते. आता धोंडिबा वाचतो, निम्मं सोडून देतो. मला तर वाचता येत नाय मॅडम, मला काय कळणार? तिला येतं का नाय, तेवढं तुमी सांगा.”

ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर द्यायला मी कधी कमी पडले नाही. पण ती खरोखर विचारायला आली होती, कारण शाळेला जास्त कळतं असं तिला वाटत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या बघून सांगते, एवढंच मी बोलले.

पुंडलिक सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, माहिती वर गेली, ती आता बदलत नाही. तुम्ही गुपचूप गट बदला आणि प्रगती झाली म्हणून सांगा, पोरगीही खूश होईल. खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. रात्रभर तेच वाक्य घोकत होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत करुणाला बोलावलं आणि तिची छान प्रगती झाली आहे, उद्यापासून तिनं सरांकडे शिष्यवृत्तीला बसायचं, असं सांगितलं. ती खूश झाली नाही.

“म्हंजी आधी मला येत नव्हतं ना, मॅडम?”

इथं मात्र घोकलेलं वाक्य मी सोडून दिलं. तुला येत होतं, मी म्हणाले. मी तुझी चाचणी घेतलीच नव्हती.

“मग अक्षर कशावरून लिहिलं?”

त्या दिवशी तू नव्हतीस, असं मी म्हणाले. शिवराजपण नव्हता, ती म्हणाली. टेबलावर फॉर्मची प्रत पडली होती, ती मी तिच्याकडं सरकवली. स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून लेकराच्या तोंडून वदवून घेतलं.

तिनं बोट ठेवून वाचलं. “शिवराज रामकिसन. खुला. गोष्ट.” मग बोट खाली आणलं. “करुणा धम्मपाल. अनुसूचित जाती. अक्षर.” कुठं अडखळली नाही. विहारात मागच्या माणसालाही ऐकू जावं असा तिचा आवाज होता आणि मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

मग तिनं कागद नीट होता तसा ठेवला. मी म्हणाले, मी आज तुमच्या घरी येते, आजीला मीच सांगते काय झालं ते.

“नका येऊ. आजीला लई वाईट वाटंल. ती तुमाला मानती,” करुणा म्हणाली. “मीच सांगते, मला येत नव्हतं, आता येतं.”

आणि मी तिला तसं सांगू दिलं.